को जागर्ति? लिव्हर!

पन्नाशीच्या आगेमागचे चार मराठी पुरुष एकत्र जमले की पूर्वी फ्लॅटच्या भावांवर बोलायचे. आता दहाव्या मिनिटाला कुणीतरी मोबाइलमधून सोनोग्राफीचा रिपोर्ट काढतो. ‘माझं ग्रेड वन.’ ‘माझंही ग्रेड वन.’ तिसऱ्याचं ग्रेड टू निघतं, तेव्हा त्याच्यासाठी पंख्याखालची खुर्ची रिकामी होते. चौथा चाचरत म्हणतो, ‘माझं नॉर्मल आलंय.’ बाकीचे तिघे एकमेकांकडे बघतात. मग विचारतात, ‘कुठल्या लॅबमध्ये केलंस?’

फॅटी लिव्हरला आपण फारच पटकन घरात घेतलं. मधुमेह निघाला की निदान चार दिवस तोंड पाडून बसायची रीत होती. ग्रेड वनला तेवढाही मान नाही. डॉक्टर रिपोर्टवरून नजर फिरवत म्हणतात, ‘हे काय, हल्ली सगळ्यांनाच असतं.’ आपल्याला तेवढंच ऐकायचं असतं. पुढचं ‘पण वजन उतरवा’ कानावर पडायच्या आत आपण चपला घालत असतो.

‘सगळ्यांनाच’ ही अतिशयोक्ती आहे, पण फार मोठी नाही. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२२ साली देशभरातले अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा मोठ्या माणसांमधलं प्रमाण ३८ टक्क्यांच्या वर गेलं. हैदराबादेत आयटीतले ३४५ कर्मचारी तपासले, त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये छापून आले. ८४ टक्क्यांच्या लिव्हरमध्ये जादा चरबी! एवढे टक्के आमच्या काळी दहावीला पडले तर आळीभर पेढे वाटायचे.

मध्यमवर्गाचं दुःख याहून वेगळं आहे. ‘आयुष्यात थेंब घेतला नाही हो, आणि लिव्हर?’ या वाक्यातली वेदना मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. पिणाऱ्याकडे निदान आठवणी तरी असतात. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून या आजाराच्या नावातून दारूचा उल्लेख काढून टाकला, तेव्हा आता घरात संशयाने बघणं बंद व्हायला हरकत नाही. नवं नाव इतकं लांब आहे की ते इथे देत नाही. सदराला जागेची मर्यादा असते.

‘पण मी तर किडकिडीत आहे’ असं म्हणणाऱ्यांची सोय पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्येच करून ठेवली आहे. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो आला. दोघांचाही बीएमआय २२.३, काडीचा फरक नाही. अंगातली चरबी मात्र यूडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. म्हणजे आपण बाहेरून काटक दिसतो आणि माल आत भरतो. आपल्यात खोट आहे हे पुणेकराने आपणहून जगापुढे छापून आणल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण.

कारणं विचारली तर यादी तोंडपाठ आहे. तळलेलं, गोड, मैदा, बैठं काम, सुटलेलं पोट. यादी खरी आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. फक्त तिच्यात घड्याळ नाही.

महाराष्ट्र मध्यंतरी दोन पंथांत विभागला गेला होता, ते आठवतंय का? डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणाले, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर म्हणाल्या, थोडं थोडं, दर दोन तासांनी खा. झालं! एकाच घरात नवरा दोनदा आणि बायको आठदा जेवू लागली. स्वयंपाक कुणी करायचा यावर मात्र दोन्ही पंथांचं एकमत होतं. ५५ मिनिटांचा नियम तर लोकांनी इतक्या निष्ठेने पाळला की ताटाशेजारी मोबाइलवर टायमर लागले आणि चोपन्नाव्या मिनिटाला श्रीखंडाची दुसरी वाटी मागवली जाऊ लागली.

किती वेळा खायचं, यावर लग्नाच्या पंगतींत हमरीतुमरी झाली. किती वाजता, हे कुणी विचारलंच नाही. रात्रीचं लवकर आटपा असं दिवेकर सांगत होत्या, पण तो भाग फॉरवर्ड झाला नाही. रात्री पावणेअकराला बसून अकरा चाळीसला उठलेलं जेवण नियमात बसतं, असं माझ्या एका दीक्षितपंथी मित्राने मला शपथेवर सांगितलं आहे. बसत असेल. त्याच्या लिव्हरला हा नियम कुणी कळवलेला नाही, एवढंच.

लिव्हरचं स्वतःचं वेळापत्रक असतं. ही गंमत शोधायला शास्त्रज्ञांना बराच वेळ लागला. १७२९ मध्ये पॅरिसमध्ये झां-झाक द मेरां नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचं झाड अंधाऱ्या कपाटात ठेवलं. आत सूर्य नाही, तरी पानं दिवसा उघडत राहिली, रात्री मिटत राहिली. मग जवळजवळ अडीचशे वर्षांनी, १९७१ मध्ये, कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांना फळमाशीत घड्याळाचं जनुक सापडलं. ते जनुक चालतं कसं हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पिकलेल्या केळ्यांवर जमणारी चिलटं असतात ना, तीच ही फळमाशी. आपण ती हाताने हाकलली. त्यांनी पाळली.

माणसाच्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार पेशींचा एक ठिपका आहे. ते मुख्य घड्याळ, ते उजेड बघून चालतं. पण घड्याळं शरीरात जागोजागी आहेत आणि लिव्हरचं घड्याळ उजेडाला फारसं विचारत नाही. ते ताटाकडे बघतं. जिनिव्हा आणि व्हर्जिनिया इथल्या प्रयोगशाळांनी २००० आणि २००१ मध्ये उंदीरवर्गाची जेवणाची वेळ बदलून पाहिली. व्हर्जिनियातल्या उंदरांच्या लिव्हरचं घड्याळ दोन दिवसांत दहा तास सरकलं. मेंदूतलं मात्र जागचं हललं नाही. म्हणजे एकाच कातडीखाली दोन वेगळ्या वेळा! वरच्या मजल्यावर मध्यरात्र आणि खाली दुपारच्या जेवणाची गडबड.

लिव्हरचं काम पाळ्यांत चालतं, पूर्वी गिरणगावात चालायचं तसं. दिवसपाळीने जेवणातून आलेली साखर ग्लायकोजेनच्या रूपात कोठारात लावायची, उरलेलीची चरबी बनवायची आणि ती गाठोडी बांधून रक्तात रवाना करायची. रातपाळीने, म्हणजे आपण रिकाम्या पोटी झोपलेलो असताना, कोठारातली साखर थोडी थोडी सोडून मेंदू चालू ठेवायचा आणि चरबी जाळायची. पाळी बदलल्याचा भोंगासुद्धा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मिचेल लाझर यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं, की उंदराच्या विश्रांतीच्या वेळी एक एन्झाइम लिव्हरमधल्या चरबी बनवणाऱ्या जनुकांवर येऊन बसतं आणि त्यांना गप्प ठेवतं. खायची वेळ झाली की उठून जातं. ते एन्झाइमच काढून टाकलं, तेव्हा उंदराचं लिव्हर चरबीने भरून गेलं.

आता या कारखान्यात रात्री साडेअकराला बिर्याणी पाठवा. अंधार पडल्यामुळे मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक चढलेलं, त्यामुळे स्वादुपिंड इन्सुलिन देताना हात आखडतं. जे इन्सुलिन येतं त्यालाही रात्री सकाळइतकं कुणी जुमानत नाही. साखर रक्तात रेंगाळते. चरबी जाळायला बसलेल्या रातपाळीला दिवसपाळीचा माल उतरवून घ्यावा लागतो. जाळायचं राहून जातं आणि साठवायचं वाढतं. एखाद्या रात्री चालतं, डबल ड्युटी गिरणी कामगारानेही केलेली आहे. रोज रात्री तेच झालं की माल कोठारात मावत नाही आणि पेशीपेशीत थप्प्या लागतात. पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की वैद्यकाच्या भाषेत ते फॅटी लिव्हर, आणि ती सोनोग्राफीत दिसण्याइतकी वाढली की रिपोर्टवर तो शब्द येतो, जो दाखवून आपण पंख्याखालची खुर्ची मिळवतो.

सच्चिदानंद पांडा हे मूळचे ओडिशाचे, आता कॅलिफोर्नियातल्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये असतात. त्यांच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांचे दोन गट केले. दोघांना खाणं तेच, भरपूर चरबीचं. पोटात गेलेल्या कॅलरीही सारख्या. एका गटाला चोवीस तास मोकळं रान, दुसऱ्याला फक्त आठ तास. मोकळं रान मिळालेले लठ्ठ झाले आणि त्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठली. आठ तासवाले त्या मानाने धडधाकट राहिले. हॉटेल तेच, मेनू तोच, फक्त शटर पाडायची वेळ निराळी.

ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधला २०१६ चा प्रयोग याहून अंगावर येणारा आहे. तिथे उंदरांना खाणं साधंच दिलं. फक्त उजेड-अंधाराचं वेळापत्रक आठवड्याआठवड्याला पुढेमागे करत राहिले, उंदरांच्या जवळजवळ आयुष्यभर. आधी फॅटी लिव्हर झालं, मग सूज, मग काहींना लिव्हरचा कॅन्सर. चिकन लॉलीपॉप नाही, चीज नाही, लग्नाचा बुफे नाही. नुसती वेळेची ओढाताण.

आता एक खडा माझ्याच बाजूला. उंदीर हा निशाचर प्राणी, त्याची रात्र म्हणजे आपला दिवस, आणि त्याला भिशीला जायचं नसतं. माणसांवर हाच प्रयोग करायला गेलं की चित्र जरा गढूळ होतं. चीनमध्ये २०२२ साली १३९ लठ्ठ माणसांवर आणि २०२३ मध्ये फॅटी लिव्हरच्या ८८ रुग्णांवर वर्षभराचे प्रयोग झाले. निम्म्यांनी कमी खायचं आणि तेही सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत, बाकीच्यांनी नुसतंच कमी खायचं. दोन्ही गट उतरले, आणि जवळजवळ सारखेच उतरले. तेव्हा संध्याकाळी साडेसहाला पाव किलो जिलबी संपवून ‘सूर्यास्ताच्या आत खाल्ली’ असा युक्तिवाद लिव्हरपुढे टिकणार नाही. घड्याळ हा एकटा गुन्हेगार नव्हे. तो टोळीत आहे, आणि टोळीतल्या इतरांची नावं आपल्या फ्रिजवर चिकटवलेली आहेत.

हे सगळं वाचून एक वर्ग आतापर्यंत सरसावून बसला असेल. ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं!’ होतं की. आजी संध्याकाळी सातला पानं घ्यायची, कारण कंदिलातलं रॉकेल रेशनवर मिळायचं. जैन मंडळी चौविहार पाळतात, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. त्यामागे जीवहिंसा टाळायचा विचार होता, त्यात लिव्हर कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हेतू काहीही असो, फायदा झाला असेल तर पदरात पडला. माझी तक्रार वेगळीच आहे. पूर्वज लवकर जेवून लवकर झोपत म्हणून नव्वदी गाठत, असा अभिमानाचा मेसेज मला फॅमिली ग्रुपवर येतो रात्री १ वाजून १० मिनिटांनी. त्याला तीन जण लगेच अंगठा दाखवतात. म्हणजे चौघे जागे.

कोजागरीला लक्ष्मी विचारत फिरते, कोण जागं आहे? वर्षातून एकदा. आटीव दूध, त्यात चारोळ्या, गच्चीवर भेंड्या, संपलं. आता हाच प्रश्न डिलिव्हरीचं अ‍ॅप रोज रात्री साडेअकराला विचारतं आणि वर साठ टक्के सूट देतं. लक्ष्मीचा प्रवास तेवढा उलट्या दिशेने होतो.

रात्र आपण पद्धतशीर विकायला काढली. २०१७ च्या दुकानं-आस्थापनांच्या कायद्याने महाराष्ट्रात दुकानं चोवीस तास उघडी ठेवायची वाट मोकळी केली. २०२० च्या जानेवारीत मुंबईत मॉल आणि हॉटेलं रात्रभर चालवायची योजना वाजतगाजत आली, दोन महिन्यांत करोना आला आणि चोवीस तास सगळंच बंद झालं, तो भाग वेगळा. आयपीएलचा सामना साडेसातला सुरू होतो आणि अकरानंतर संपतो, तोवर समोर ताट नाही तर निदान वेफर्स लागतात. लग्नाच्या रिसेप्शनला ‘७ ते १०’ छापतात, नवरा-नवरी मेकअप करून साडेआठला स्टेजवर येतात, आहेर देणाऱ्यांची रांग वळसे घेत सभागृहाबाहेर जाते आणि पाहुणा गुलाबजामापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याचं मेलाटोनिन केव्हाच स्थानापन्न झालेलं असतं. या देशात सूर्यास्तानंतर दोन तासांत जेवायचं तर स्वतःच्या पोराच्या लग्नातही उपाशी राहावं लागेल.

शरीराचं घड्याळ आणि जगाचं घड्याळ यांच्या या ओढाताणीला म्यूनिकचे संशोधक टिल रोएनेबर्ग यांनी सोशल जेटलॅग म्हटलं आहे. शनिवारी रात्री तीनपर्यंत वेब सिरीज, रविवारी अकराला उठणं, सोमवारी सकाळी सहाची फास्ट लोकल. तिकीट न काढता, व्हिसा न घेता, माणूस दर शनिवारी रियाधला जातो आणि सोमवारी पहाटे परत येतो. ड्यूटी फ्रीची पिशवीसुद्धा मिळत नाही.

पण हे सगळे हौसेचे जागरणवाले. त्यांची चेष्टा करायला मजा येते कारण त्यांना झोपायला खोली आहे, गादी आहे, बहुधा एसीही आहे. रिमोट खाली ठेवला की त्यांचा निम्मा प्रश्न सुटतो. ज्यांची रात्र त्यांच्या हातात नाही त्यांच्याकडे वळलं की माझी चेष्टा जरा अडखळते.

आमच्या सोसायटीच्या गेटवर रातपाळीला एक काका असतात, चाळीसगावकडचे. बारा तासांची ड्युटी, रात्री आठ ते सकाळी आठ. पंधरवड्याने पाळी बदलते, तेव्हा दिवसाचे काका रात्री येतात आणि रात्रीचे दिवसा. त्यांना विचारलं, ‘काका, जेवता कधी?’

‘घरून निघताना सातला थोडं खातो, साहेब. मग बाराला डबा. अडीचला चहा-खारी लागतेच, नाहीतर डोळा लागतो. डोळा लागला की सेक्रेटरीसाहेब फोटो काढून ग्रुपवर टाकतात.’

‘आणि सकाळी?’

‘सुटलो की नाक्यावर पोहे. घरी गेलो की ही दोन पोळ्या वाढते. मग झोपायचं.’

‘झोप लागते?’

‘पत्र्याची खोली आहे. थंडीत लागते. एप्रिल-मेमध्ये दहाच्या पुढे नाही लागत.’

चोवीस तासांत पाच वेळा खाणं, त्यातलं दोनदा ऐन मध्यरात्रीच्या आसपास, आणि झोप तापलेल्या पत्र्याच्या मर्जीवर. हे गणित त्यांना जमायच्या आत पंधरवडा संपतो आणि सगळं पुन्हा उलटं. ह्यूस्टनच्या उंदरांचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी आमच्या सोसायटीच्या कमिटीशी सल्लामसलत केली होती की काय, अशी मला शंका येते. सकाळी गेटमधून बाहेर पडणारे, ट्रॅक पँटमधले, ग्रेड वनचे सदस्य त्यांना रोज हात करतात. काकांची सोनोग्राफी कुणी केलेली नाही. त्यामुळे त्यांना काही झालेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रातपाळीच्या कामाला २००७ मध्ये ‘बहुधा कॅन्सरकारक’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं. त्या गटात असलेल्या काही रसायनांच्या डब्यांवर कवटी छापतात. ड्युटी चार्टवर छापत नाहीत.

बोस्टनमधल्या संशोधकांनी २०२१ च्या अखेरीस एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९ निरोगी माणसांना प्रयोगशाळेत रातपाळीच्या वेळापत्रकावर ठेवलं. काहींना रात्री जेवण दिलं, रातपाळीवाले जेवतात तसं. काहींना रातपाळी तीच, पण खाणं फक्त दिवसाच्या वेळेत. रात्री जेवलेल्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्क्यांनी चढली. दिवसा जेवलेल्यांची चढली नाही. माणसं थोडी, दिवस थोडे, पण निष्कर्षाची दिशा महत्त्वाची आहे. रात्र टाळता येत नसेल तर निदान रात्रीचा डबा हलका करावा किंवा टाळावा.

हे मी काकांना सांगायला जाणार होतो. मग अडीच वाजताची ती खारी आठवली. प्रयोगशाळेत गेट उघडायला हॉर्न वाजत नाहीत आणि झोपलेल्याचा फोटो कुणी ग्रुपवर टाकत नाही. सल्ला देणं मला सोपं आहे, मी तो रात्री गादीवर पडून टाइप करू शकतो. काकांना सल्ल्यापेक्षा आठ तासांची पाळी, तिसरा माणूस आणि महिनोन्महिने न बदलणारी वेळ द्यायला हवी. तिसऱ्या वॉचमनचा विषय वार्षिक सभेत निघाला होता. मेंटेनन्स दरमहा किती वाढेल हे कळल्यावर सभा ‘इतर विषया’वर गेली, म्हणजे कबुतरांवर.

सरकार मात्र दोन्हीकडून जागं आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने फॅटी लिव्हर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. कंबरेचा घेर मोजा, वेळीच शोधा, वजन उतरवा. शहाणपणाचं काम आहे, कारण हा आजार सुरुवातीला परतवता येतो. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरमधली चरबीच काय, सूजही हटू शकते. दुसरीकडे, २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२ तास आणि दुकानं-आस्थापनांत ९ ऐवजी १० तास काम घ्यायला मंजुरी दिली. एक खातं कंबर मोजतंय, दुसरं खातं ड्युटी वाढवतंय, आणि दोघांच्या फायली एका टेबलावर यायचा योग काही दिसत नाही. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. संमतीच्या कागदावर लिव्हरची सही कोण घेणार, ते नियमांत अजून आलेलं नाही.

माझी भाची पुण्यात एका कंपनीत आहे. अमेरिकेतले ग्राहक, त्यामुळे संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. घरी पोहोचून झोपायला पाच वाजतात, उठायला दुपारचा एक. परवा तिने मला एक मेल दाखवला. एचआरचा, वर सूर्योदयाचं चित्र. कंपनीचा आरोग्य सप्ताह आहे आणि त्यानिमित्त रातपाळीच्या कर्मचाऱ्यांसाठी ‘शांत झोपेचं महत्त्व’ या विषयावर तज्ज्ञांचं ऑनलाइन व्याख्यान ठेवलं आहे. बुधवारी सकाळी ११ वाजता. हजेरी सक्तीची, कॅमेरा चालू ठेवावा. पूर्ण वेळ हजर राहणाऱ्यांना पिझ्झाचं कूपन मिळेल. ते कॅन्टीनमध्ये रात्री १२ ते ३ या वेळेतच चालेल.